कोरियन सूडपट आणि स्लॅशर पाहायला सुरुवात करताना: काय, कुठल्या क्रमाने आणि कोणत्या तयारीने

कोरियन सूडपट किंवा स्लॅशर (एक खुनी एकेकाला गाठून मारत जातो असे भयपट) पाहायचं ठरलं की बहुतेक जण यादीतला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात रक्तबंबाळ चित्रपट आधी लावतात. अर्ध्या तासात तो बंद होतो आणि 'ही तर नुसती कापाकापी' असं मत बनतं. दोष चित्रपटाचा नसतो, क्रमाचा असतो. योग्य क्रमाने पाहिलं तर या कथा मुळात रक्ताच्या नाहीतच हे लक्षात येतं. त्या नाकारलेल्या तक्रारीच्या कथा आहेत.

या सगळ्याची किल्ली एका जुन्या लोककथेत आहे. कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातली जांगह्वा आणि होंगरयोन या दोन बहिणींची ही कथा. सावत्र आईच्या कारस्थानात दोघींचा जीव जातो. त्या भूत होऊन गावात आलेल्या नव्या दंडाधिकाऱ्यासमोर उभ्या राहतात, पण तो भीतीनेच मरतो. पुढचाही मरतो. शेवटी एक निधड्या छातीचा अधिकारी येतो, त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, चौकशी करतो, दोषींना शिक्षा देतो, आणि भुतं यायची थांबतात. म्हणजे त्या बहिणी कुणाला मारायला आलेल्या नसतात, फिर्याद नोंदवायला आलेल्या असतात. आजच्या सूडपटात तो शेवटचा अधिकारी येतच नाही, आणि मग कुणीतरी कोयता उचलतो. प्रत्येक चित्रपट पाहताना एकच गोष्ट टिपायची: तक्रार नेमकी कुठे आणि कोणी नाकारली?

१. आधी जमवायच्या गोष्टी

- आशय-सूचना तपासण्याची सोय. आयएमडीबीवरचं 'पेरेंट्स गाइड' किंवा 'डझ द डॉग डाय' हे संकेतस्थळ. दोन्हीकडे कथा फुटू शकते, म्हणून नुसती शीर्षकं वाचा, तपशील उघडू नका.
- चित्रपट सध्या कुठे उपलब्ध आहे ते पाहण्यासाठी 'जस्टवॉच'. त्यात देश भारत निवडा. हक्क सतत बदलतात, त्यामुळे जुन्या लेखांतल्या 'अमुक ठिकाणी पाहा' याद्यांवर विसंबू नका.
- इंग्रजी सबटायटल्स वाचायची सवय. हिंदी डब मिळत असेल तरी मूळ कोरियन आवाज ठेवा. कारण पुढे येईल.
- अंधार करता येईल अशी खोली आणि घरात मुलं असतील तर प्रोफाइलला पिन. खाली दिलेलं जवळजवळ सगळं फक्त प्रौढांसाठी आहे.
- डिस्क विकत घेणार असाल तर प्रदेश-कोड. भारतातले डीव्हीडी प्लेअर ५ नंबरच्या प्रदेशाचे, कोरियन डीव्हीडी ३ च्या. ब्लू-रेमध्ये भारत 'सी' गटात, कोरिया आणि अमेरिका 'ए' गटात. कोड जुळला नाही तर डिस्क चालणार नाही. फोरके अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं.

२. तुमची रेषा ठरवा

'मला भयपट चालतात' एवढं पुरेसं नाही. रक्त सहन होणं वेगळं, लैंगिक हिंसा सहन होणं वेगळं आणि लहान मुलांवरचं संकट सहन होणं आणखी वेगळं. पहिल्यात पक्के असलेले प्रेक्षकही तिसऱ्यात कोलमडतात. म्हणून आधीच माहीत असू द्या:

'ओल्डबॉय'मध्ये दात उपटण्याचा प्रसंग आहे, जिवंत ऑक्टोपस खाण्याचा आहे आणि लैंगिक आशयाचा अतिशय त्रासदायक भाग आहे. 'लेडी व्हेन्जन्स'च्या मुळाशी मुलांच्या हत्या आहेत. 'बिडेव्हिल्ड'मध्ये घरगुती आणि लैंगिक अत्याचार तासभर चालतो. 'द चेसर'मध्ये हातोडी आणि छिन्नी. 'आय सॉ द डेव्हिल'मध्ये स्त्रियांवरचा हिंसाचार या यादीत सर्वाधिक. यातलं काही तुमच्या रेषेपलीकडचं असेल तर तो चित्रपट सरळ गाळा. खालचा क्रम त्यामुळे मोडत नाही.

बंदुका कमी का दिसतात, याचंही उत्तर इथेच. दक्षिण कोरियात खाजगी शस्त्रांवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे हातात येतो तो स्वयंपाकघरातला सुरा, कारखान्यातली हातोडी, शेतातला कोयता. मारणारा आणि मरणारा एका हाताच्या अंतरावर असतात. गोळीबाराच्या चित्रपटांपेक्षा हे जास्त अंगावर येतं ते म्हणूनच.

३. नेमका तोच चित्रपट उघडला आहे ना?

इथे नवखे हमखास फसतात. 'ओल्डबॉय' शोधलं की २०१३ चा अमेरिकन रिमेकही समोर येतो. तुम्हाला हवा आहे तो २००३ चा, पार्क चान-वूक यांचा. 'द कॉल' नावाचा २०१३ चा अमेरिकन थरारपट आहे आणि २०२० चा कोरियनही. 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' (२००३) हा वर सांगितलेल्या लोककथेवरून स्फुरलेला चित्रपट. त्याचा २००९ चा अमेरिकन अवतार 'द अनइन्व्हायटेड' नावाने फिरतो. 'लेडी व्हेन्जन्स' काही ठिकाणी 'सिम्पथी फॉर लेडी व्हेन्जन्स' या नावाने मिळतो, चित्रपट एकच. शोधताना नाव, साल आणि दिग्दर्शक तिन्ही टाका. कोरियन नावांत आडनाव आधी येतं: पार्क, किम, बोंग ही आडनावं. काही यादीकार ती उलटी लिहितात.

मग लांबी तपासा. 'ओल्डबॉय' १२० मिनिटांचा, 'आय सॉ द डेव्हिल' सुमारे १४४ मिनिटांचा. दहा-पंधरा मिनिटं कमी दिसली तर ती कापलेली प्रत आहे, सोडून द्या. चार टक्क्यांच्या आसपासचा फरक मात्र जुन्या युरोपीय डीव्हीडींच्या वेगामुळे पडतो, त्यात काही गाळलेलं नसतं.

हिंदी रूपांतरांचाही सापळा आहे. 'जिंदा' (२००६) हा 'ओल्डबॉय'वरून श्रेय न देता उचललेला, तर 'रॉकी हँडसम' आणि 'तीन' (दोन्ही २०१६) रीतसर हक्क घेऊन केलेले. ते आधी पाहिले असतील तर रहस्य माहीत असणारच. तरी मूळ चित्रपट पाहाच, कारण बदललेल्या जागा फार बोलक्या आहेत.

४. पडदा आणि आवाज

टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सॅमसंगवर ते 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो' या नावाने असतं. 'ओल्डबॉय'मधली बोळातली मारामारी एकाच सलग टेकमध्ये आहे. ती तीन दिवसांत सतरा टेक घेऊन मिळवली. हे सेटिंग चालू असेल तर तिथली दमछाक आणि वजन निघून जातं आणि समोर मालिकेसारखं चित्र उरतं. चित्राचा मोड 'व्हिव्हिड' नको, 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. अर्धे प्रसंग रात्रीचे, पावसातले आहेत. मोबाइलवर उन्हात पाहाल तर काहीच दिसणार नाही.

मूळ आवाज का ठेवायचा? कोरियन भाषेत आदराचं आणि बिनआदराचं बोलणं क्रियापदातच कळतं, आपल्या 'तुम्ही' आणि 'तू'सारखं. सूडपटात माणूस अचानक आदर सोडून बोलायला लागतो, तो क्षण पहिल्या वाराइतका महत्त्वाचा असतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये तो हरवतो, डबमध्ये बहुधा आवाजाच्या पट्टीसकट हरवतो. वाक्याच्या शेवटी येणारा 'यो' किंवा 'निदा' गायब झाला की कान टवकारा. मराठी माणसाला हे चार दिवसांत जमतं.

५. पहिला चित्रपट: 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' (२०१०)

ली जोंग-बोम यांचा हा चित्रपट त्या वर्षी कोरियात तिथल्या चित्रपटांमध्ये सर्वाधिक चालला. गहाणवटीचं दुकान चालवणारा एकटा माणूस आणि शेजारची दुर्लक्षित मुलगी. मुलगी पळवली जाते आणि हा तिच्या मागे निघतो. रचना ओळखीची, वेग भरपूर, शेवट समजायला सोपा. सुरुवात इथूनच करा, कारण यात तुम्हाला फक्त कोरियन शहर, पोलीस आणि गुन्हेगारी टोळ्यांची ओळख करून घ्यायची आहे. शेवटाकडची सुऱ्यांची झुंज नीट पाहा: वार छोटे, जवळून आणि सांध्यांवर आहेत.

'रॉकी हँडसम' याच चित्रपटाचा रिमेक. तो 'डोंबिवली फास्ट'च्या निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केला, खलनायकही स्वतःच रंगवला आणि कथा गोव्यात आणली. 'डोंबिवली फास्ट' पाहिलेल्यांना एक गोष्ट लगेच जाणवेल. ज्याची तक्रार व्यवस्था ऐकत नाही असा माणूस हा त्यांचाही विषय होता.

६. मग सूड नसलेला चित्रपट: 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३)

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग पुढच्या चित्रपटांतला राग त्यांना उपरा वाटतो. कृपा करून गाळू नका.

बोंग जून-हो यांनी ह्वासोंग इथल्या खऱ्या खुनांवर हा केला. १९८६ ते १९९१ या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. त्यातल्या सुरुवातीच्या काळात देशात लष्करी हुकूमशाही होती. चित्रपटात एका रात्री पोलिसांना बंदोबस्त हवा असतो आणि कुमक मिळत नाही, कारण ती निदर्शनं दडपायला गेलेली असते. संशयितांना मारहाण करून कबुलीजबाब घेतले जातात, पुरावे चिखलात तुडवले जातात.

यापुढचा तपशील चित्रपट पाहून झाल्यावर वाचा. खुनाच्या खटल्याला तेव्हा कोरियात पंधरा वर्षांची मुदत होती. शेवटच्या खुनाची ती २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये डीएनएवरून खुनी सापडला, तो दुसऱ्या खुनासाठी आधीच जन्मठेप भोगत होता. या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालवता आला नाही. यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली होती. त्याची निर्दोष मुक्तता २०२० मध्ये झाली. ही मुदत २००७ मध्ये पंचवीस वर्षांवर गेली आणि २०१५ मध्ये खुनासाठी रद्दच झाली. म्हणून त्याआधीच्या कितीतरी सूडकथांत घड्याळ टिकटिकत असतं, मुदत संपत आलेली असते. 'मोंताज' (२०१३) पूर्ण त्यावरच उभा आहे. 'तीन' हा त्याचाच हिंदी रिमेक.

याच्या जोडीला ना होंग-जिन यांचा 'द चेसर' (२००८) पाहा. खुनी चित्रपटाच्या पूर्वार्धातच पकडला जातो आणि कबुलीही देतो. प्रश्न फक्त एवढाच, की पोलीस त्याला डांबून ठेवू शकतील का आणि त्याच्या घरात अडकलेली बाई जिवंत सापडेल का. धावाधाव सोलच्या चढ-उताराच्या गल्ल्यांत रात्रभर चालते. राग कुठून येतो ते इथे हाडात शिरतं.

७. पार्क चान-वूक यांची सूडत्रयी: क्रम बदलून

तीन चित्रपट, तीन स्वतंत्र कथा: 'सिम्पथी फॉर मिस्टर व्हेन्जन्स' (२००२), 'ओल्डबॉय' (२००३), 'लेडी व्हेन्जन्स' (२००५). प्रदर्शनाच्या क्रमाने पाहायची सक्ती नाही. नव्या प्रेक्षकाने आधी 'ओल्डबॉय', मग 'मिस्टर व्हेन्जन्स', शेवटी 'लेडी व्हेन्जन्स' असं पाहावं.

'ओल्डबॉय' आधी, कारण त्यात रहस्याची दोरी आहे. कारण न सांगता पंधरा वर्षं खोलीत कोंडलेला माणूस, आणि 'कोणी केलं' यापेक्षा 'का सोडलं' हा प्रश्न. कथा एका जपानी 'मांगा'वरून (चित्रकथेवरून) घेतलेली आहे. २००४ मध्ये कान महोत्सवात याला ग्राँ प्री मिळालं. याबद्दल आधी काहीही वाचू नका, ट्रेलरसुद्धा नको.

'मिस्टर व्हेन्जन्स' संथ आहे. नायक मूकबधिर, संवाद थोडे, संगीत जवळजवळ नाही. पहिल्यांदाच हा लावला तर झोप येईल. 'ओल्डबॉय'नंतर मात्र त्याची शांतता टोचते. यात आकडे लक्षात ठेवा. बहिणीच्या मूत्रपिंडासाठी नायक अवयवांच्या दलालांकडे जातो. ते त्याचं स्वतःचं मूत्रपिंड आणि वर १ कोटी वॉन घेऊन पसार होतात. नंतर रुग्णालयात मूत्रपिंड मिळतं, आणि शस्त्रक्रियेला लागतात नेमके तेवढेच १ कोटी वॉन, आजच्या दराने साधारण सहा लाख रुपये. तिथून पुढे घडणारं सगळं या एका रकमेतून निघतं. खरा खलनायक यात कुणीच नाही. नोकरीवरून काढलेला कामगार मालकाच्या गाडीसमोर स्वतःच्या पोटावर वार करतो, तो प्रसंग १९९७ च्या आर्थिक संकटानंतरच्या कोरियाचा आहे. त्रयीतला हा सगळ्यात कमी चाललेला चित्रपट माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आहे.

'लेडी व्हेन्जन्स' शेवटी ठेवण्याला ठोस कारण आहे: आधीच्या दोन्ही चित्रपटांतले कलाकार यात छोट्या भूमिकांत येतात, आणि एकट्याने घेतलेल्या सुडाचा प्रश्न इथे अनेकांच्या हाती जातो. सुरुवातीला तुरुंगातून सुटलेल्या नायिकेसमोर टोफू धरतात आणि ती तो पाडते. सुटलेल्या कैद्याने टोफू खायचा, यापुढे पांढरं-स्वच्छ जगायचं, अशी तिथली रीत आहे. हे माहीत नसेल तर पहिलाच नकार निसटतो. या चित्रपटाची एक आवृत्ती अशीही आहे, जिच्यात रंग हळूहळू उडत शेवटी चित्र कृष्णधवल होतं. डिस्क घेताना ती आहे का पाहा. मात्र पहिल्यांदा पाहताना नेहमीची रंगीत आवृत्तीच ठीक.

८. आता स्लॅशर, आणि तोही शाळेपासून

१९९६ मध्ये कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वसेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. दोनच वर्षांत 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स' (१९९८) आला: मुलींची शाळा, मारकुटे शिक्षक, गुणानुक्रमाची छळणूक आणि परत आलेली एक विद्यार्थिनी. हा भुताचा चित्रपट आहे, स्लॅशर नव्हे, पण पुढच्या स्लॅशरांचा पाया इथे आहे. मालिकेत २०२१ पर्यंत सहा भाग झाले. कथा वेगवेगळ्या, कुठलाही कधीही पाहता येतो.

२००० च्या उन्हाळ्यात अमेरिकन नमुन्यावरचे काही स्लॅशर एकदम आले, 'ब्लडी बीच' वगैरे. कोरियात भयपट उन्हाळ्यात लावायची पद्धतच आहे. इतिहास म्हणून एखादा पाहा, नाही पाहिला तरी चालेल.

पाहायचा तो 'ब्लडी रियुनियन' (२००६). आजारी, निवृत्त शिक्षिकेला भेटायला जुने विद्यार्थी जमतात आणि प्रत्येकाच्या मनात तिने केलेला जुना अपमान जिवंत असतो. मग सशाचा मुखवटा घातलेलं कुणीतरी फिरू लागतं. त्यानंतर 'डेथ बेल' (२००८): हुशार विद्यार्थ्यांचा वर्ग, शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून येणारे प्रश्न, आणि उत्तर चुकलं तर एकाचा जीव. दहावी-बारावीच्या टक्क्यांचा धाक अनुभवलेल्या घरांना हा परका वाटणार नाही. रक्त कमी आणि ताण जास्त हवा असेल तर 'मिडनाइट' (२०२१): ऐकू न येणारी तरुणी आणि तिच्या मागे लागलेला खुनी. पोलीस चौकीत ती सांगू पाहते आणि समोरचा माणूस गोड बोलून तिची बाजू पुसून टाकतो, ते दृश्य या लेखातल्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर आहे. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक तिथेही ११२ च आहे.

अमेरिकन स्लॅशरमध्ये खुनी बहुधा बाहेरून येतो. कोरियनमध्ये तो वर्गातल्या मागच्या बाकावरून येतो. म्हणून सूडपट आणि स्लॅशर यांची वेगळी यादी करण्यात अर्थ नाही.

९. शेवटचे दोन, सलग नव्हे

'बिडेव्हिल्ड' (२०१०), दिग्दर्शक जांग चोल-सू. सोलमध्ये बँकेत काम करणारी हे-वोन एका गुन्ह्याची साक्षीदार असूनही बोलत नाही. सुट्टीसाठी ती लहानपणीच्या बेटावर जाते. तिथे मैत्रीण बोक-नाम नवऱ्याच्या, दिराच्या आणि गावच्या म्हाताऱ्या बायकांच्या हाती रोज मरते आहे. बोक-नाम हिच्याकडे मदत मागते. पहिला तासभर बघणं फार जड जातं आणि बरेच प्रेक्षक तिथेच थांबतात. थांबायचं असेल तर थांबा, पण पुढे नेणार असाल तर कोयता दिसायची वाट पाहू नका. हे-वोन किती वेळा तोंड फिरवते ते मोजा. बटाट्याच्या शेतात बोक-नाम सूर्याकडे टक लावून पाहते, तो क्षण त्या मोजणीनंतरच कळतो. सूडपटांच्या या सगळ्या परंपरेत बघ्यावर इतकं थेट बोट ठेवणारा दुसरा चित्रपट नाही.

'आय सॉ द डेव्हिल' (२०१०), दिग्दर्शक किम जी-वून. कोरियन मानांकन मंडळाने याला आधी 'मर्यादित प्रदर्शन' श्रेणी दिली. त्या श्रेणीचा चित्रपट नेहमीच्या चित्रपटगृहात लागूच शकत नाही, म्हणून काही भाग कापावा लागला. कथेत गुप्तचर अधिकारी आपल्या वाग्दत्त वधूच्या खुन्याला शोधतो, ठेचतो, माग काढणारी कॅप्सूल गिळायला लावतो आणि सोडून देतो. पुन्हा पकडतो, पुन्हा सोडतो. स्लॅशर इथे उलटा होतो, शिकारी सावज बनतो. हाती कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी सोडल्यानंतर कथेशी संबंध नसलेल्या किती माणसांना झळ बसते ते लिहा. हा हिशेब मांडला नाही तर चित्रपट नुसता क्रौर्याचा खेळ वाटतो.

हे दोन्ही एका आठवड्यात पाहू नका. रात्री उशिरा सुरू करू नका. दुसरा जवळजवळ अडीच तासांचा आहे. एकट्याने पाहण्यापेक्षा नंतर बोलता येईल असं कुणीतरी सोबत असलेलं बरं.

१०. रक्त नको असेल त्यांच्यासाठी

'द ग्लोरी' ही सोळा भागांची मालिका, आठ-आठ भागांच्या दोन हप्त्यांत (३० डिसेंबर २०२२ आणि १० मार्च २०२३) आली. शाळेत केसांच्या गरम इस्त्रीचे चटके सोसलेली मुलगी वर्षानुवर्षं योजना आखते आणि हात न उचलता एकेकाचं आयुष्य उसवत नेते. पहिला भाग सगळ्यात कठीण आहे, शाळेतला छळ त्यात सरळ दाखवला आहे. तो सहन होणार नसेल तर दुसऱ्या कुणाला पाहायला सांगून कोणत्या मिनिटांना पुढे सरकायचं ते लिहून घ्या, पण पूर्ण भाग गाळू नका. पोलीस, शिक्षक, आई यांपैकी कुणीच त्या मुलीची तक्रार ऐकून घेतली नव्हती, आणि पुढची सगळी योजना तिथूनच निघते.